टाकीतली मंडळी

आमचे साहेब कारखान्यात सगळ्यांवर रागावत. शिफ्ट इंजिनिअरवर, रंगमास्तरांवर, कँटीनवाल्यावर, एकदा तर झेंडावंदनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांवरही, कारण त्यांनी हार गळ्यातून काढून जिन्याखाली टाकला होता आणि तो पुढे कुठे जाईल याचा त्यांनी विचार केलेला नव्हता. साहेब ज्याच्यावर कधीच रागावले नाहीत असा कारखान्यात एकच वर्ग होता, तो म्हणजे टाकीतले जिवाणू. त्यांना ते ‘मंडळी’ म्हणत आणि त्यांच्याबद्दल आदरार्थी बोलत. सकाळी आल्या आल्या टाकीवरच्या दामूला त्यांचा पहिला प्रश्न असे, “मंडळी जेवली का?” दामू जेवला का, हे त्यांनी मी तिथे असेपर्यंत तरी विचारल्याचं आठवत नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना कापड रंगवायचा. रंगवून, धुऊन उरलेलं पाणी एका मोठ्या उघड्या टाकीत येई. टाकीत खालून हवा सोडलेली असे आणि पाण्यातली घाण त्या हवेवर जगणारे जिवाणू खाऊन टाकत. त्यांचं खाऊन झालं की निवळलेलं पाणी बाहेरच्या, सगळ्या कारखान्यांच्या सामाईक लाइनीत जाई आणि तिथून पुढे नवापूरच्या समुद्रात. ही टाकी साहेबांची. हुद्द्याने ते सांडपाणी विभागाचे प्रमुख होते. माघारी सगळे त्यांना ‘टाकीसाहेब’ म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांना त्यात अपमान दिसत नसे.

साहेब मूळचे त्याच नवापूरचे, मच्छीमारांच्या घरातले. डिप्लोमा करून, कारखान्यात इतकी वर्षं काढूनही त्यांनी बोली बदलली नव्हती. मोठ्या मीटिंगमध्ये सगळे इंग्रजीत प्रेझेंटेशन देत आणि शेवटी साहेब विचारत, “मंग?” एवढंच. समोरच्याने उत्तर दिलं की पुन्हा, “मंग?” तिसऱ्या ‘मंग’ला बहुतेक माणसं खाली बसत. खरेदी विभागाचे एक गृहस्थ तर स्वस्त साबणाचा प्रस्ताव घेऊन आले आणि पहिल्याच ‘मंग’ला फाइल उचलून निघून गेले.

माझी मुलाखतही त्यांनीच घेतली. मी पालघरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. माझ्या आधी एक एम.एस्सी. झालेला मुलगा आत गेला होता आणि मीही सगळी सूत्रं पाठ करून बसले होते. साहेबांनी विचारलं, “सकाळी आंघोळ केली?”

“हो.”

“ते पाणी कुठं गेलं?”

आमचं घर किनाऱ्याकडच्या वाडीत, बागायतीतलं. न्हाणीचं पाणी मागच्या अळवाला जातं आणि उरलेलं केळींना. मी तसं सांगितलं.

“साबण कुठला लावता?”

मी सांगितला.

“अळू खाजतं?”

“नाही.”

“मंग ठीक हाय,” म्हणाले आणि मला नोकरी लागली. तो एम.एस्सी. मुलगा ‘गटारात’ म्हणाला होता असं नंतर कळलं. गटार कुठे जातं हे त्याला सांगता आलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला डबा घेऊन टाकीच्या पलीकडच्या टोकाला नेलं, जिथून पाणी कुंपणाबाहेर जायचं. तिथे एक सिमेंटचं बाक होतं. त्यांच्या विभागात येणाऱ्या प्रत्येकाने पहिला डबा तिथे बसून खायचा, असा त्यांचा नियम होता. नवं यंत्र मागायला येणाऱ्या इतर विभागांच्या प्रमुखांनाही तो लागू असे, त्यामुळे आमच्या कारखान्यात नवीन यंत्रांची मागणी जरा बेतानेच होई. मी अर्धी पोळी खाल्ली. वास फारसा वाईट नव्हता, पावसाळ्यातल्या मातीसारखा होता, पण मनात तो वाईटच होता. साहेब शेजारी बसून सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी मन लावून खात होते.

“ज्याच्या त्याच्या टेबलावर सगळं बरोबरच दिसतं,” ते म्हणाले. “हितं येऊन बसलं की सगळ्यांचं एकत्र दिसतं.” मग माझी उरलेली पोळी त्यांनी खाल्ली, टाकून द्यायची नाही म्हणून.

दिवाळीत कारखाना बंद असे. यंत्रं थांबली की टाकीत घाण येत नाही, आणि घाण आली नाही की मंडळी उपाशी. म्हणून साहेब ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गुळाच्या ढेपी आणि बेटेगावच्या एका गोठ्यातलं शेण घेऊन बोईसरहून रिक्षाने येत, गूळ पाण्यात विरघळवत आणि टाकीत सोडत. एका वर्षी नवा वॉचमन होता. तो हिंदी भाषक, बिचारा हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं साहेब पूजा करतायत. साहेबांनी त्याला सांगितलं, “पूजा नाही, खाना है. इनको छुट्टी में भी भूख लगती है.” त्याने घरी काय सांगितलं माहीत नाही, पण पुढच्या वर्षी तो स्वतः दोन पेढे घेऊन आला. साहेबांनी ते परत केले. पेढ्यात तूप असतं आणि तूप मंडळींना सोसत नाही.

एवढा विचार करणारा माणूस सोबत असला की साध्या गोष्टी अवघड होतात. कँटीनमध्ये कागदी कप बंद करून स्टीलचे ग्लास आणायचं ठरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, मंग? ग्लास धुवायला साबण लागेल, साबण टाकीत येईल, फेस होईल, फेस मारायला औषध लागेल. मग कागदी ठेवू. मंग? त्याला आतून मेणचट थर असतो, तो कुठेच कुजत नाही. मातीचे आणू. मंग? ट्रक कुठून येणार? सगळे कंटाळले आणि स्टीलचे ग्लास आले. साहेब म्हणाले, “ह्याचा हिशोब लागेपर्यंत मी चहा सोडतो.” तो हिशोब कधी लागला नाही आणि साहेबांनी पुन्हा चहा घेतला नाही.

एकदा आम्ही त्यांच्या नवापूरच्या घरी गेलो होतो. ओटीवर वॉशिंग मशीन खोक्यातच होतं. त्याचं पाणी माडांना द्यायचं की नाही हे ठरत नव्हतं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दगडावर कपडे आपटता आपटता मला म्हणाल्या, “लग्नाच्या टायमाला येवढा इचार केला आसता तं आज आमी दोघं बी सुखी आसतो.” साहेब मान हलवत म्हणाले, “तवा माहिती कमी होती.”

म्हणजे ते यंत्राच्या विरोधात होते असं मात्र नाही. आमच्या कारखान्यातला पहिला, टाकीतली हवा मोजणारा सेन्सर त्यांनीच हट्ट करून आणला आणि त्याचं माहितीपुस्तक ते जेवताना वाचत. त्यांचं म्हणणं इतकंच, की नवीन वस्तू घरात येते तेव्हा सून येते तसं घरातल्या सगळ्यांना थोडं सरकून बसावं लागतं, आणि कोण किती सरकणार हे आधी विचारावं.

छोट्या शेठनी ते विचारलं नाही. छोटे शेठ म्हणजे आमच्या शेठचे चिरंजीव, परदेशात मॅनेजमेंट शिकून आलेले. मुलगा चांगला, कष्टाळू, कामगारांशी गोड बोलणारा. सगळे त्यांना ‘अहो’ म्हणत, फक्त साहेब ‘तू’ म्हणत. लहानपणी छोटे शेठ सुट्टीत कारखान्यात येत आणि एकदा त्यांनी टाकीच्या कठड्यावर उभं राहून आत शू केली होती. शेठ मारायला धावले, तर साहेब मध्ये पडले आणि म्हणाले, “राहू द्या, नायट्रोजनची सोय झाली.” ही गोष्ट ते छोट्या शेठच्या प्रत्येक प्रेझेंटेशनच्या आधी नव्या माणसांना सांगत, अगदी कौतुकाने.

छोट्या शेठनी कमी पाण्यात कापड रंगवणारी नवी यंत्रं आणली. शिवाय प्रत्येक विभागाच्या नळाला मीटर लावला आणि गेटमधून आत शिरल्यावर समोर दिसेल असा एक मोठा पडदा बसवला. ज्या विभागाने पाणी कमी वापरलं त्याचं नाव हिरवं, ज्याने जास्त वापरलं त्याचं लाल. महिन्याच्या शेवटी हिरव्यांना बक्षीस. पहिल्या महिन्यात मिक्सर होता. पाणी वाचवणाऱ्या कारखान्यालाच काम देऊ म्हणणारं एक परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं आणि त्याची ऑर्डर मिळाली तरच दुसरी शिफ्ट चालू राहणार होती. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण दुसऱ्या शिफ्टमध्ये प्रत्येकाचं कोणी ना कोणी होतं. दामूचा मेहुणा होता. माझा सख्खा चुलत भाऊ होता.

साहेब पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. “आमची टाकी दिसत नाय,” म्हणाले.

“काका, टाकी पाणी वापरत नाही ना,” छोटे शेठ म्हणाले.

“पिते तीच.”

“पण तिचं मीटर कुठे लावणार?”

“ते तू ठरव. पण ही नवी यंत्रं एकदम सगळी चालू करू नको. एक लाव, मंडळींना सवय होऊ दे, मंग दुसरं.”

छोट्या शेठनी ऐकून घेतलं. पण गिऱ्हाईक येणार पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, आणि तोवर सगळी यंत्रं चालू दिसायला हवी होती.

मग कारखान्यात जे सुरू झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सगळे पाणी वाचवायला लागले. धुलाई विभागाने कापड तीनदा धुवायचं ते दोनदा धुतलं. रंग विभागाने रंग पक्का बसायला लागणारं मिठाचं पाणी पुन्हा पुन्हा वापरून शेवटी एकदम सोडलं. बॉयलरवाल्यांनीही हात आखडला. कँटीनच्या बाई भांडी राखेने घासू लागल्या आणि त्यांच्या नावाला हिरवा रंग आला तेव्हा त्यांनी पडद्याबरोबर फोटो काढला. एकमेकांना पाणी कमी वापरलं म्हणून टोमणे मारणारी माणसं मी तिथेच पाहिली. एकाही माणसाचं काही चुकत नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या जागी चांगलं काम करत होता आणि सगळ्यांचं मिळून जे पाणी टाकीत येत होतं ते थोडं होतं, पण घाण तेवढीच आणि मीठ जहरी. कढीत पाणी न घालता सगळ्यांनी आपापलं मीठ घालावं, तसं झालं.

सोमवारी सकाळी दामू म्हणाला, “साहेब, मंडळीनी जेवण सोडलंय.” टाकीचा तपकिरी रंग राखाडी झाला होता आणि वर पांढरा फेस होता. मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. एरवी तिथे बाजाराची गर्दी असते. देठावर डोलणाऱ्या घंटेसारखे चिमुकले जीव असतात, ते दिसले की पाणी ठीक आहे असं समजायचं. त्या दिवशी काहीच हलत नव्हतं. मी काच बदलून पाहिली, पुन्हा पाहिली. मग साहेबांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि तसेच वाकून राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता याचं मला बरं वाटलं.

मग त्यांनी जाऊन बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. पाणी बाहेर जात नाही म्हणजे साठणार, साठायला जागा एका दिवसाची, आणि जागा भरली की रंगाई बंद. मंगळवारी दुपारी कारखाना थांबला.

छोटे शेठ धावत आले. “काका, दोन दिवसांचा प्रश्न आहे. थोडं सोडू तसंच. सगळेच कधी ना कधी सोडतात. पुढे समुद्र आहे.”

“पुढं माझं घर हाय,” साहेब म्हणाले.

“ऑर्डर गेली तर दुसरी शिफ्ट जाईल. त्या माणसांचं काय?”

साहेबांनी खिशातली किल्ली चाचपली. ते त्यांनाही लागलं होतं, मला दिसलं. छोटे शेठ रडवेले होऊन म्हणाले की ऑर्डर गेली तर पहिलं नाव तुमचं असेल. साहेब म्हणाले, “ते बरोबर हाय,” आणि शेठना भेटायला गेले. मी पाठोपाठ गेले.

त्यांनी शेठना सांगितलं, की दही बिघडलं तर शेजारून विरजण आणतात. आपल्याला जिवंत मंडळी बाहेरून आणायला हवीत, आणि मिठात वाढलेली मंडळी जवळपास एकाच ठिकाणी आहेत, भिंतीपलीकडे.

शेठनी टोपी काढून टेबलावर ठेवली. भिंतीपलीकडचा कारखानाही कापड रंगवायचाच. आमच्या शेठनी पूर्वी कधीतरी त्यांचा रंगमास्तर जास्त पगार देऊन पळवला होता. तेव्हापासून दोघं बोलत नसत, आणि मधली भिंत दोघांनी आळीपाळीने इतकी वाढवली होती की आमच्या पॅकिंग विभागात दुपारनंतर दिवे लावावे लागत.

“मॅनेजरला पाठवतो,” शेठ म्हणाले.

“नाय. इरजण घरच्यानंच मागायचं असतं. आनी दिवे लागायच्या आत. तिन्हीसांजेला कोण देत नाय.”

शेठ गुजराती, पण आयुष्य बोईसरात गेलेलं. ही रीत त्यांना माहीत होती. ते उठले, टोपी घातली आणि आम्ही तिघं रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या गेटवर गेलो. माझ्या हातात रिकामी बाटली होती, नमुना घ्यायला.

पलीकडचे शेठ वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी चहा मागवला. साहेबांनी नको म्हटलं. यजमानांचा चेहरा पडला. मी घाईघाईने सांगितलं की साहेब कुणाकडेच घेत नाहीत, आणि कागदी कपांपासूनची सगळी हकिकत सांगावी लागली. ती त्यांनी इतकी लक्ष देऊन ऐकली की मला शंका यायला हवी होती. मग आमच्या शेठनी मान खाली घालून विरजण मागितलं. हो, तोच शब्द वापरला.

“टँकर न्या,” पलीकडचे शेठ म्हणाले. “लागतील तितके न्या. पैसे नकोत.” मग साहेबांकडे बोट करून म्हणाले, “हा माणूस द्या.”

आमच्या शेठनी हातातला चहा खाली ठेवला.

“तुम्ही माझा मास्तर न विचारता नेलात. मी विचारून नेतोय.”

आमच्या शेठनी साहेबांवर आयुष्यभर कुरकुर केली होती. हा माणूस धंदा करू देत नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं. ते म्हणाले, “दुसरं काहीही मागा. हा नाही.” मला तेव्हा शेठ एकदम आवडले.

साहेब खिडकीतून बाहेर दिवसाचा अंदाज घेत होते. “शेठ, हो म्हणा,” ते म्हणाले. “मंडळी तिकडं जातील, मी हिकडं येतो. दोन्हीकडचं वजन सारखं राहील.” मग आपल्या नव्या शेठकडे वळून म्हणाले, “पण मिठाचं पाणी दोघांनी एका दिवशी सोडायचं नाय. आलटून पालटून. एकमेकांना रोज फोन करायचा.”

“कोणी?” दोन्ही शेठ एकदम म्हणाले.

“तुमी दोघांनी.”

उजेड असतानाच पहिला टँकर आमच्या गेटमधून आत आला. व्हॉल्व्हची किल्ली साहेबांनी माझ्या हातात ठेवली, दामूला नमस्कार केला, छोट्या शेठच्या पाठीवरून हात फिरवला आणि डबा घेऊन गेले. निरोपाचं भाषण वगैरे झालं नाही.

गुरुवारी पाहुणे आले तेव्हा कारखाना बंदच होता. बंद असल्यामुळे पाणी कुठेच वापरलं जात नव्हतं, म्हणून पडद्यावर सगळे विभाग हिरवेगार होते. पाहुण्यांनी पडद्याचे फोटो घेतले. मग त्यांनी विचारलं की यंत्रं का थांबली आहेत, आणि छोटे शेठ काही बोलायच्या आत थोरल्या शेठनी सगळं खरं सांगितलं, विरजणासकट. पाहुण्यांनी अर्धी ऑर्डर दिली आणि अर्ध्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा येतो म्हणाले. दुसरी शिफ्ट राहिली. छोट्या शेठनी नवी यंत्रं एकेक करून सुरू करायचं ठरवलं आणि पडद्यावर सर्वांत वर टाकीसाठी जागा केली.

टँकरने आलेली मंडळी आमच्या पाण्यात रुळतील की नाही हे कोणाला सांगता येत नव्हतं. मी रोज काच लावून बसे. दामू गूळ घाली आणि माझ्या मागे उभा राही. त्या दिवसांत मला साहेबांचा फार राग आला, इतकं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात घालून गेले म्हणून, आणि आठवणही तितकीच आली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी काचेखाली देठावर एक घंटा डोलताना दिसली. मग तिच्या बाजूला दुसरी. दामूने पाहिलं, मग मी पुन्हा पाहिलं, आणि फोन करायचंही न सुचता मी तशीच लॅबच्या चपलांवर रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या गेटवर पोहोचले.

वॉचमनने आत सोडलं नाही. अपॉइंटमेंट नव्हती. साहेब नव्या टाकीवर होते आणि तिथे त्यांनी आल्या आल्या मोबाइलला बंदी केली होती. मी त्याला म्हटलं, “बाबा, एवढंच सांगून या, की तिकडे मंडळी जगली.”

तो गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, निरोप जसाच्या तसा सांगायचा म्हणून तो जपून चालत होता.

“साहेब म्हणालं, ती आमची माणसं हायत. जपून वापरा म्हणावं. आमाला परत लागतील.”

मी तिथेच गेटला टेकून हसले, आणि हसता हसता रडू यायला लागलं तेव्हा वॉचमनने त्याची खुर्ची पुढे केली.